पंधरा दिवसांची रजा

सेकंड शिफ्ट असल्यामुळे आज अख्खी सकाळ तुमची आहे. पावणेपाचला घरातून निघताना आई डबा पुढे करते. तीन पोळ्या, वांग्याची भाजी, कोपऱ्यात ठेचा. एवढ्या पहाटे कुठे, असं ती विचारते. "भामचंद्रला जातो, तिकडूनच कामावर," तुम्ही सांगता. "पाणी घे बरोबर," एवढंच ती म्हणते.

फर्स्ट शिफ्टच्या बसमध्ये ओळखीच्या ड्रायव्हरने मागची सीट दिली आहे. पिंपरी, निगडी, तळवडे, महाळुंगे. कंटेनरच्या रांगा अजून लागायच्या आहेत म्हणून बस पळते आहे. आणखी दोन तासांनी याच रस्त्यावर पायी चालणारा बसच्या पुढे जाईल. शेजारचा ऑपरेटर खिडकीला डोकं टेकून झोपला आहे आणि मांडीवरची त्याची मूठ गन धरल्यासारखी आवळलेली आहे. वासुलीच्या फाट्यावर तुम्ही उतरता तेव्हा पूर्वेला नुसती राखाडी रेघ उमटली आहे. एका बाजूला पत्र्याची निळी-पांढरी छपरं आणि सोडियमचे दिवे, दुसऱ्या बाजूला काळा, बुटका, रुंद खांद्यांचा डोंगर. सह्याद्रीच्या हिशेबात याला कोणी डोंगर म्हणणार नाही. पण वरच्या अंगाला कातळाचा उभा पट्टा आहे आणि त्या पट्ट्यात कोरलेल्या गुहा.

या डोंगराची एक खोड आहे, ती आधीच सांगून ठेवतो. तुम्ही चढाल तसा काळ उतरतो, आणि तुम्ही उतराल तसा तो चढतो. थांबलात तर तोही थांबतो. मोबाइल बंद करून डब्याशेजारी ठेवा. पहिल्या वळणानंतर रेंज जाईल. त्याबद्दल कंपनीकडे तक्रार करू नका.

पहिला टप्पा जेमतेम दहा मिनिटांचा. घाम यायच्या आधी तुम्ही २००८ मध्ये पोचता. खाली रस्ता खणून ठेवला आहे. खणलेल्या रस्त्याच्या अलीकडे गावकरी बसले आहेत, त्यांच्यात पांढऱ्या टोप्यांचे वारकरी, टाळ आहेत, पखवाज आहे. पलीकडे पोलिसांच्या गाड्या. शिंदे-वासुलीच्या सुमारे १०० एकर जमिनीवर डाऊ केमिकल या अमेरिकी कंपनीचं संशोधन केंद्र उभं राहायचं आहे आणि बंडातात्या कराडकरांच्या पुढाकाराने वारकरी त्याच्या विरोधात उभे ठाकले आहेत. याच कंपनीने २००१ मध्ये युनियन कार्बाइड विकत घेतली होती. भोपाळ, डिसेंबर १९८४, हे इथल्या बाईमाणसालाही कोणी समजावून सांगावं लागत नाही. इथलं सांडपाणी ओढ्याने सुधा नदीत आणि सुधेतून इंद्रायणीत जाईल, ही सरळ उताराची भीती आहे. तिला रसायनशास्त्राची पदवी लागत नाही. कंपनी म्हणते आहे की हे नुसतं संशोधन आहे. गाव विचारतं आहे, कशाचं?

थोडा वेळ इथे थांबा. भजन चालू आहे, पण हे देवळातलं भजन नाही. टाळ वाजवणाऱ्यांची नजर पोलिसांच्या गाड्यांवर आहे. ज्या डोंगरावर लोक शांत बसायला जातात, त्याच्या पायथ्याशी कोणीतरी रस्ता अडवून बसलेलं असतं. पुढे जाळपोळ झाली, गुन्हे दाखल झाले, लोक आत गेले, आणि शेवटी कंपनीला ही जागा सोडावी लागली. बाकीचे कारखाने मात्र आलेच. त्याच गावांतली पोरं आज त्यांत कामाला आहेत. त्यांतला एखादा तुमच्या लाइनवरही असेल.

चढा. इथून पुढे थोडं भरभर, कारण मधल्या वर्षांत डोंगराला कोणी फारसं विचारलेलं नाही. २००९ ची फोक्सवॅगनची आणि मर्सिडीजची छपरं खालून आधीच नाहीशी झाली आहेत, आता १९९९ चा बजाजचा कारखाना विरघळतो आणि त्या जागी कांद्याचे वाफे, बटाट्याचे सरे, ज्वारी. चाकण हा आता नुसता बाजार आहे. बैलगाड्या तिकडे निघाल्या आहेत. आणखी वर या. १९६२ ला औद्योगिक विकास महामंडळ जन्माला येतं आणि तुमच्या पाठीमागे लगेच मावळतं. १९५४ ला पिंपरीत पेनिसिलिनचा सरकारी कारखाना, तोही गेला. तुम्ही राहता ती पिंपरी आता माळ आहे. तुमच्या बिल्डिंगच्या जागेवर कोणाची तरी शेळी चरते आहे.

कातळाच्या खाली पोचता तेव्हा पावसाळा आहे. १६६०. सगळा डोंगर हिरवा, वाट निसरडी, झुडपांना धरत चढावं लागतं. आणि पूर्वेकडून एक आवाज येतो. ढगाचा म्हणाल तर त्याला लय आहे. तो चाकणहून येतो आहे. शाइस्तेखानाने चाकणच्या भुईकोटाला, संग्रामदुर्गाला, वेढा घातला आहे आणि आत फिरंगोजी नरसाळा मूठभर माणसांनिशी तो लढवतो आहे. सपाटीवरचा किल्ला, भोवती खंदक, वर पाऊस. पन्नासाहून जास्त दिवस तो टिकेल. ऑगस्टात मोगल बुरुजाखाली सुरुंग पोचवतील, बुरुज उडेल आणि किल्ला पडेल.

तोफांचा आवाज ऐकताना चाकणमधल्या एका घराची आठवण ठेवा. संताजी जगनाड्यांचं घर, तेल्याचं. लाकडी घाणा, त्याला जुंपलेला बैल, गोल गोल फिरणारी वाट. चाकण पट्ट्यातला उद्योग मोजायचा तर मी घाण्यापासून मोजीन; आणि या उद्योजकाने फावल्या वेळात काय केलं, तर तुकोबांचे अभंग वह्यांत उतरवून ठेवले. चौदा टाळकऱ्यांतला हा एक. पुढे त्याची समाधी सुदुंबऱ्याला झाली, इथून जवळच. तुकोबांना जाऊन आता दहा वर्षं झाली आहेत. डोंगर रिकामा आहे. तोफा वाजत राहतात.

शेवटचा टप्पा कातळाला बिलगून जातो. उजवा हात दगडावर ठेवा, डावीकडे बघू नका. पाऊस थांबतो, हिरवं सुकतं, पायाखाली माती भुगा होऊन उडायला लागते. तुम्ही १६३० च्या दशकात आहात.

आधी खाली बघा. १६३० ते ३२ चा दुष्काळ नुकताच ओसरला आहे, पण तो ओसरला हे पावसाला माहीत, जमिनीला अजून कळायचं आहे. वस्त्यांमधून धूर निघत नाही. बांधांवर झाडं सोलून काढल्यासारखी उभी आहेत, कारण साली खाऊन झाल्या आहेत. गुरं दिसत नाहीत. दख्खन आणि गुजरात, दोन्हीकडे हेच चाललं आहे. त्यातच पुणे आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने जाळलं आहे. इंद्रायणीच्या काठाला देहू नावाचं गाव आहे, इथून दक्षिणेला तीनएक कोसांवर. तिथल्या एका वाण्याचं दुकान बसलं आहे.

तो वाणी वर गुहेत आहे.

जवळ जाऊ नका. पाण्याच्या टाक्यापाशी थांबा, तिथून पुरेसं दिसतं. पंचविशीच्या आतबाहेरचा माणूस. गाल आत गेलेले, ओठ फुटलेले. तुम्ही चित्रांत पाहिलेला तो गोलसर चेहरा, गळ्यातली वीणा, डोक्यावरचं पागोटं, यांतलं काही इथे नाही. तुम्हाला हा देहूचा सावकार आहे हे सांगितलं तर खरं वाटणार नाही, पण तो सावकारच आहे. वडील बोल्होबा, महाजनकीचं घर, दुकान, शेत, दारात विठ्ठलाचं देऊळ. आईवडील गेले. थोरला भाऊ सावजी बायको वारल्यावर घर सोडून तीर्थांना गेला. मग दुष्काळ आला आणि त्यात थोरली बायको रखमा अन्नावाचून गेली, मुलगा संतू गेला. दुष्काळाने पैसा आटवला आणि मान नेला, बायको अन्न अन्न करत मेली, त्याची लाज वाटली, हे सगळं तुकोबांनी स्वतःच्याच अभंगात सांगितलं आहे, तेही हिशेब लिहावा तसं, एकेक रक्कम मांडून. संतचरित्रांतल्या चमत्कारांपेक्षा मला तो अभंग जास्त हादरवतो.

या डोंगरावर तो पंधरा दिवस होता. हा आकडाही त्याचाच. या पंधरा दिवसांत साप-विंचू अंगाला झोंबले, वाघांनी छळलं, असं तो म्हणतो. आत्ता टाक्यापाशी उभं राहून तुम्हाला वाघ दिसत नाही. कातळावर उन्हाने तापलेली हवा थरथरते, आत अंधार आहे, अंधारात एक आकृती बसलेली आहे आणि ती हलत नाही. एवढंच दिसतं. एक तास जातो. तुमचे पाय भरून येतात, डब्यातल्या भाजीचा वास येतो आणि या जागी तो वास आल्याची तुम्हालाच शरम वाटते.

हल्ली शांततेची पाकिटं मिळतात. दोन रात्री, तीन दिवस, फोन काउंटरवर जमा, सकाळी काढा, संध्याकाळी सूप. मी त्यांना नावं ठेवत नाही. आठवडाभर रोबोच्या पिंजऱ्याशेजारी उभं राहणाऱ्याला दोन दिवस कोणी बोललं नाही तरी बरं वाटतं. पण समोर बसलेल्या माणसाने ही पंधरा दिवसांची रजा मागून घेतलेली नाही. तो घरातून न सांगता निघून आला आहे. घरी जिजाई आहे, पुण्यातल्या सावकाराची, अप्पाजी गुळव्यांची लेक. दुष्काळाने खाल्लेलं घर, थकलेली येणी, दारात येणारे देणेकरी, हे सगळं या क्षणी ती एकटी बघते आहे. गुहेतली शांतता जितकी खोल, तितका देहूतल्या त्या घरातला गोंगाट मोठा असणार. जिजाईला कजाग ठरवणाऱ्या कीर्तनकारांना एकदा या टाक्यापाशी आणून उभं करावं आणि हा हिशेब करायला लावावा.

खालून दगड घरंगळल्याचा आवाज येतो. एक तरुण वर चढतो आहे. पायांत वहाण नाही, धोतर काट्यांनी फाटलेलं, डोळे झोपेविना लाल. हा कान्होबा, धाकटा भाऊ. संतचरित्रकार महिपतींनी जवळजवळ दीडशे वर्षांनंतर, १७७४ च्या भक्तलीलामृतात हा सगळा शोध लिहिला आहे. सात दिवस तो रानं आणि डोंगर पालथे घालतो आहे. तो तुमच्या अंगावरून जातो. त्याला तुम्ही दिसत नाही. गुहेच्या तोंडाशी पोचल्यावर तो थांबतो आणि गुडघ्यांवर हात ठेवून दम खातो. मग आत जातो.

आत काय बोलणं होतं ते टाक्यापर्यंत येत नाही. बराच वेळ काहीच ऐकू येत नाही. मग दोघे बाहेर येतात. थोरल्याला उन्हाचा त्रास होतो, तो डोळ्यांवर हात धरतो. धाकटा त्याच्या दंडाला धरून उतरायला लागतो.

त्यांच्या मागे जायचा मोह आवरा. तुम्ही खाली पाऊल टाकलंत की वर्षं चढायला लागतील आणि ते दोघे पुढच्या वळणापर्यंतसुद्धा तुमच्याबरोबर राहणार नाहीत. डोंगराची खोड सांगितली होती. म्हणून इथूनच बघा. दोन ठिपके ओढा उतरतात, माळ ओलांडतात, दक्षिणेला लहान होत जातात. पुढचं मी सांगतो. ते इंद्रायणीवर पोचतात. थोरला भाऊ कर्जखतं मागवतो. कोणी किती नेलं, व्याज काय, निशाणी अंगठा, वडिलांच्या काळापासूनचे कागद. तो त्यांच्या दोन वाटण्या करतो. अर्धे कान्होबाला देतो, त्याचा संसार आहे, त्याने वसूल करावेत. आपल्या वाटणीचे नदीत सोडतो.

पंधरा दिवस डोंगरावर बसून उतरलेल्या माणसाचं पहिलं काम हे होतं. त्याने मठ काढला नाही, कफनी घातली नाही. दुष्काळात होरपळलेल्या पंचक्रोशीतल्या कुळांची देणी बुडवली, आणि भावाच्या वाटणीला हात लावला नाही. दुसऱ्याच्या जिवावर उदार व्हायचं नाही, इतका व्यवहार त्याच्यातल्या वाण्याने शाबूत ठेवला होता. अभंग त्याच्या आसपास, त्यानंतर सुरू झाले. मला तर वाटतं, तो अर्ध्याचा आकडा हीच या डोंगरावर झालेल्या साक्षात्काराची सगळ्यात खात्रीची खूण आहे.

आता उतरायला लागा.

दोन पावलांत काही वर्षं सरतात. माणूस पुन्हा एकांताला निघाला आहे, पण आता देहूच्या जवळ, भंडाऱ्याच्या डोंगरावर. आणि तिकडे रोज एक बाई चढते, डोक्यावर भाकरी घेऊन. वाटेत जिजाईच्या पायात काटा रुतला आणि विठ्ठलाने येऊन तो काढला, अशी कथा आहे. देव आला की नाही यावर वाद घाला. काटा रुतला यावर मात्र माझा पूर्ण विश्वास आहे. तो डोंगर तुम्ही चढला असाल तर तुमचाही बसेल. तिला पुढे तीन मुली आणि तीन मुलगे झाले. धाकटा नारायण, वडील गेल्यानंतर जन्मलेला. त्याने १६८५ मध्ये तुकोबांच्या पादुका पालखीत घालून पंढरीची वाट धरली. दर आषाढीला आकुर्डीच्या मुक्कामी तुम्ही जिच्यासाठी रस्त्याच्या कडेला उभे राहता ती ही पालखी. भाकरी वाहणाऱ्या बाईचा मुलगा.

बाकीची शतकं पायांना फार जाणवत नाहीत. अर्ध्या उतारावर, खालच्या गुहांपाशी पोचता तेव्हा आज उगवलेला आहे. ऊन चांगलंच वर आलं आहे आणि कातळातून आवाज येतो आहे, पण तो तोफेचा नाही.

चार-पाच तरुण गुहेच्या सावलीत बसून पाठ करत आहेत. पांढरं धोतर, बंडी, गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला गोपीचंदन. एकाच्या मांडीवर ज्ञानेश्वरी उघडी आहे पण तो त्यात बघत नाही. ओवी म्हणतो, अडखळला की पुन्हा मागून सुरू करतो. पलीकडे एकजण गाथेतला एकच अभंग इतक्या वेळा म्हणतो आहे की त्याचे शब्द जाऊन नुसता ठेका उरला आहे. हे या डोंगरावरचे साधक. पहाटे काकडा, मग पाठांतर, चिंतन, संध्याकाळी हरिपाठ. कोणी एखाद-दोन वर्षं राहतात, कोणी जास्त. इथे पावती फाडावी लागत नाही, खोली मिळत नाही. राहायला कातळ आहे. थंडीत तो थंड असतो आणि उन्हाळ्यात तापतो.

"या माउली, बसा," एकजण म्हणतो आणि सतरंजीचं टोक तुमच्याकडे सरकवतो. तुम्ही बसता. तो पुन्हा ओवीकडे वळतो, तुमची चौकशी करत नाही. खालून सायरन ऐकू येतो. कुठल्यातरी प्लँटचा ब्रेक झाला असावा. एकही डोकं वर होत नाही. ट्रकांचा रिव्हर्सचा टुंटुं आवाज, कुठेतरी प्रेस पडल्याचा दणका, आणि त्याच्या वर ती ओवी, अडखळणारी आणि पुन्हा सुरू होणारी. इथली शांतता ही अशी आहे. आवाज गेल्यावर येणारी नाही. तुम्ही डोळे मिटून बसता. पहिल्यांदा आजचं टार्गेट आठवतं. मग सुपरवायझर. मग काही काळ काही आठवत नाही, आणि किती काळ ते कळत नाही.

डोळे उघडता तेव्हा एक साधक उठून झोळी खांद्याला लावतो आहे. मधुकरीची वेळ. डोंगराच्या पायथ्याच्या गावांतून, ठरलेल्या घरांतून, शिजवलेलं अन्न थोडं थोडं मागून आणायचं. भुंगा जसा एकाच फुलाला ओरबाडत नाही तसं कुठल्याही एका घरावर भार टाकायचा नाही, म्हणून मधुकरी. या पोरांच्या पाठांतरामागे वासुली-शिंद्याच्या चुली आहेत. जिथे जमिनी गेल्या आणि शेताच्या जागी भाड्याच्या खोल्या उठल्या त्या घरांतूनही, भाकरीच्या चवडीतली एक झोळीसाठी बाजूला निघते.

तुम्ही त्याच्याबरोबर उतरता. तो झपझप चालतो. या वाटेचे दगड त्याला पाठ आहेत. फाट्याच्या अलीकडे, पहिल्या घरांपाशी तो थांबतो. दारात उभा राहून "ॐ भवति" म्हणेपर्यंत एक बाई आतून ताट घेऊन येतेच. एक भाकरी, वाटीभर आमटी. ती काही बोलत नाही, तोही बोलत नाही. पुढचं घर.

रस्त्यावर कंटेनर अडकले आहेत. सेकंड शिफ्टच्या बस त्यांच्या मागे हॉर्न वाजवत उभ्या आहेत. तुमची तिसरी दिसते आहे, काचेवर कंपनीचा बोर्ड. पोचायला तिला दहा मिनिटं तरी लागतील. तुम्ही पिशवीतून डबा काढता आणि साधकापुढे उघडा धरता. सगळा घ्या, माझं कँटीन आहे, तुम्ही सांगता.

तो डब्यात बघतो. तीनपैकी एक पोळी उचलतो, तिचे दोन भाग करतो, अर्धी झोळीत टाकतो आणि अर्धी परत डब्यात ठेवतो.

"माउलींनी केलीय ना?" तो विचारतो.

"आईने."

तो मान हलवतो आणि पुढच्या दाराकडे वळतो. बस जवळ आली आहे. डब्याचं झाकण नीट बसत नाही, ठेच्याचा वास बोटांना लागला आहे. अडीच पोळ्या घेऊन तुम्ही पायरीवर पाय ठेवता आणि ड्रायव्हर दार लावायच्या आधीच गाडी हलवतो.